आईला लिहिलेली पत्रे : कॅलिफोर्निया, १८४९

सोन्याचा इतिहास लिहिणारे बहुधा तोळे, टन आणि डॉलर मोजतात. पत्रे मोजणारे थोडेच. कॅलिफोर्नियातील सुवर्णधावेविषयी वाचताना आमचे लक्ष मात्र वारंवार पत्रांकडेच गेले, आणि त्यांतही ज्यांच्या मागे घरी म्हातारी आई होती अशांच्या पत्रांकडे. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत माहेरासाठी झुरते ती लेक. घरासाठी झुरणारा मुलगा आपल्या वाङ्मयात फारसा बोलत नाही. तो या पत्रांत बोलतो, म्हणून हे टिपण.

२४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथे सटरच्या लाकूडगिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला सोन्याचे कण दिसले. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या पूर्व भागातील गावेच्या गावे तरुणांनी ओस पडू लागली. 'खाण' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भुयार येते. पण आरंभी हे काम आपल्याकडच्या झारेकऱ्यांच्या कामासारखेच होते. बर्फाळ पाण्यात कमरेइतके उभे राहायचे आणि नदीतील वाळू धूत बसायचे. १८५० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियाची नोंदलेली लोकसंख्या सुमारे ९२ हजार. त्यांत स्त्रिया शेकडा आठच्या आसपास. खाणींच्या मुलखात तर त्याहूनही कमी. ज्याने आजवर आईच्या हातचे खाल्ले, तो आता स्वतःच पीठ मळत होता आणि स्वतःच सदऱ्याला ठिगळ लावत होता. आईची आठवण येण्यास एवढे निमित्त पुरे होते.

विल्यम स्वेन हा अशांपैकीच एक. न्यूयॉर्क राज्यातील यंग्सटाउनजवळचा हा शेतकरी एप्रिल १८४९ मध्ये घरातून निघाला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. मागे पत्नी सब्रिना, तान्ही मुलगी, भाऊ जॉर्ज आणि विधवा आई पेशन्स. ('पेशन्स' म्हणजे धीर. इतिहास कधी कधी नावे देतानाही कठोर होतो.) खुष्कीच्या मार्गाने तो नोव्हेंबरात कॅलिफोर्नियात उतरला, फेदर नदीच्या खोऱ्यात वर्षभर राबला, आणि १८५१ च्या आरंभी पनामामार्गे घरी परतला, तोही अगदी थोडे पैसे गाठीला बांधून. भावाने तिकडे येऊ नये, असेच त्याने पत्रातून कळवले होते. त्याची रोजनिशी आणि दोन्हीकडची पत्रे टिकली, आणि जे. एस. हॉलिडे यांनी त्यांच्या आधारे १९८१ मध्ये एक थोर ग्रंथ सिद्ध केला. आम्हांला त्यात विशेष वाटते ते हे की, घरून गेलेली पत्रेही जपली गेली. अशा संग्रहांत एरवी जाणाऱ्याचाच आवाज उरतो. वाट पाहणाऱ्यांचा विरून जातो.

पत्र पाठवणे ही सोपी गोष्ट नव्हती. १८५१ च्या मध्यापर्यंत पूर्वेकडच्या पत्राला चाळीस सेंट हशील पडे. आगबोटीने पनामापर्यंत, तेथून खेचरावरून संयोगभूमी ओलांडायची, मग पुन्हा आगबोट. एका प्रश्नाचे उत्तर यायला कित्येक महिने लोटत. 'आई, तुझी प्रकृती कशी आहे?' असे विचारणाऱ्याला जे उत्तर मिळे, ते गेल्या ऋतूतील आईचे असे. सॅन फ्रान्सिस्कोच्या टपालकचेरीपुढे रात्रभर रांगा लागत, रांगेतली जागा पैसे घेऊन विकली जाई. खाणींपर्यंत पत्र पोहोचवणारे खासगी हलकारे तर आरंभी एकेका पत्राला औंसभर सोने घेत. खाणीच्या भावाने सोळा डॉलर. दिवसभर वाळू धुऊन अनेकांना तेवढे सोने मिळत नसे, तरी ते देत. लोभाने आंधळी झालेली माणसे, हे या खाणकऱ्यांचे रूढ वर्णन या एका हिशेबापाशी अडखळते.

मग हे लोक परत का जात नव्हते? आमच्या मते लाजेपायी. वाटखर्चासाठी अनेकांनी घरच्यांकडून किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून कर्ज काढले होते. रिकाम्या हाताने आईपुढे कसे उभे राहायचे? म्हणून ते छायाचित्र काढून घरी धाडत : दाढी वाढलेली, हातात फावडे, चेहऱ्यावर उसनी ऐट.

मात्र येथेच थांबलो तर चित्र लबाड होईल. स्वेनची पत्रे आज येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात सुरक्षित आहेत. दक्षिण चीनमधील ग्वांगडोंगहून 'सोन्याच्या डोंगरा'कडे आलेल्या खाणकऱ्यांनाही आया होत्या. १८५२ या एका वर्षात सुमारे वीस हजार चिनी सॅन फ्रान्सिस्कोत उतरले. परकीय खाणकऱ्यांवरचा कर भरून ते घरी पैसे पाठवीत. आणि परदेशी मेलेल्यांच्या अस्थी काही वर्षांनी उकरून, स्वच्छ करून, गावी धाडण्याची व्यवस्था त्यांच्या संघांनी केली होती. कित्येक आयांच्या घरी अखेर मुलाऐवजी ती पेटीच आली असेल.

आणि ज्यांच्या नद्यांत हे सोने होते, त्या मूळ रहिवाशांच्या आया? एप्रिल १८५० मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने एक कायदा केला. त्याच्या नावात मूळ रहिवाशांचे 'संरक्षण' हा शब्द होता. त्यान्वये गोरा मनुष्य न्यायाधीशापुढे जाऊन त्यांच्या मुलामुलींचा ताबा मिळवू शके. मुलगा अठरा आणि मुलगी पंधरा वर्षांची होईपर्यंत त्यांच्या श्रमावर त्याचा हक्क. आईबापांची संमती लागे, पण ती कागदावर. प्रत्यक्षात मुले पळवून विकण्याचा धंदाच उभा राहिला. १८६० मध्ये हा कायदा आणखी कडक झाला. मुलांच्या ताब्याची ही कलमे रद्द व्हायला १८६३ उजाडले. संध्याकाळी तंबूत मेणबत्तीच्या उजेडात जो आईला पत्र लिहीत बसे, त्याच्याच वस्तीच्या आसपास हे चालले होते. त्या आयांनी कोणाला पत्रे लिहिली नाहीत. मुले कोठे नेली, हेच त्यांना ठाऊक नव्हते.