कुलूपबंद क्वार्टर आणि निम्मी भरलेली बॅटरी

मे महिन्यात भिलाईच्या सेक्टरांमधून फिरताना कितीतरी क्वार्टरांना कुलपे दिसतात. कोणी नागपूरला गेलेले असते, कोणी पुण्या-बंगळुरूला मुलांकडे. बाहेर पारा 44-45 अंशांवर असतो आणि आत लोखंडी कपाटात एखादा जुना स्मार्टफोन पडून असतो. माझ्या वडिलांचा फोन असाच दोन उन्हाळे राहिला. जपणूक म्हणून मीच तो शंभर टक्के चार्ज करून ठेवला होता. काढला तेव्हा बॅटरी फुगून त्याची पाठ उचकटली होती. त्यांच्या आवाजातले निरोप त्या फोनशिवाय दुसरीकडे कुठेही नव्हते.

चूक माझी असली तरी ती वारशाने आलेली होती. गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये शिशाची पुनर्भारित होणारी बॅटरी घडवली. ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण स्फटिक धरतात आणि ती कायमची निकामी होते. म्हणून स्कूटर, ट्रक, इन्व्हर्टर सांभाळणाऱ्या पिढ्यांनी एक नियम पाठ केला : बॅटरी भरून ठेवावी. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने 1899 मध्ये निकेल-कॅडमियमची बॅटरी आणली, तिचा स्वभाव याच्या उलट. ती रिकामी ठेवली तरी चालते. भारतात 31 जुलै 1995 रोजी पहिला मोबाइल कॉल झाला, त्या काळातले फोन बहुधा निकेलच्या बॅटऱ्यांवर चालत. ‘पूर्ण उतरू दे, मगच चार्ज कर’ हा सल्ला तिथला. पुढे रसायन बदलले, सल्ले मात्र घराघरांत तसेच राहिले.

लिथियम-आयनची गोष्ट निराळी आहे. जॉन गुडइनफ यांनी 1980 मध्ये ऑक्सफर्डला लिथियम-कोबाल्ट ऑक्साइड पुढे आणले. अकिरा योशिनो यांनी 1985 मध्ये त्याला कार्बनची जोड दिली. 1991 मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली आणि 2019 मध्ये या दोघांना स्टॅनली व्हिटिंगहॅम यांच्यासह नोबेल मिळाले. या इतिहासातला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. ही बॅटरी कारखान्यात जन्मते तीच उतरलेली. सगळे लिथियम तेव्हा ऑक्साइडच्या थरांत निवांत असते. चार्ज करणे म्हणजे त्याला तिथून उठवून ग्रॅफाइटमध्ये बसवणे. शंभर टक्क्यांना हा ताण टोकाला जातो, मधला इलेक्ट्रोलाइट दोन्ही बाजूंनी झिजतो, वायू तयार होतो आणि उष्णतेने हे सारे वेगाने घडते. एका परिचित अंदाजानुसार 40 टक्के चार्ज असलेली बॅटरी 25 अंशांत वर्षभर ठेवली तर तिची सुमारे 96 टक्के क्षमता उरते. पूर्ण भरून 40 अंशांत ठेवली तर सुमारे 65 टक्केच.

मग रिकामीच का ठेवू नये? कारण बंद फोनही थेंबथेंब वीज पितो. व्होल्टेज फार खाली गेले की ऋण बाजूचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुन्हा चार्ज करताना ते तांबे नको तिथे साचते आणि आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकते.

हा मध्यममार्ग उपग्रहांच्या अभियंत्यांना चांगला ठाऊक आहे. भूस्थिर उपग्रह पृथ्वीच्या सावलीत जातो तो मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, सुमारे 45 दिवसांच्या दोन हंगामांत, दिवसाला फार तर 72 मिनिटे. उरलेल्या महिन्यांत बॅटरीला जवळजवळ काम नसते. तेव्हा लिथियम-आयन बॅटरी मुद्दाम अर्धवट चार्जवर आणि थंड राखण्याची पद्धत आहे. हंगाम जवळ आला की ती पूर्ण भरतात. इस्रोच्या तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राने असे सेल स्वतः विकसित केले आणि 2018 मध्ये ते तंत्र भारतीय उद्योगांना प्रत्येकी 1 कोटी रुपयांत देऊ केले. विमानवाहतुकीलाही हे पटले आहे : 1 एप्रिल 2016 पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या मालवाहू विमानाने पाठवताना चार्ज 30 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

घरासाठी ॲपलचा सल्ला असा : निम्मा चार्ज, फोन पूर्ण बंद, 32 अंशांखालची कोरडी जागा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा निम्म्यापर्यंत चार्ज. यातली तिसरी अट भिलाईच्या कुलूपबंद क्वार्टरमध्ये मे महिन्यात पाळताच येत नाही. तेव्हा मला वाटते, फोन कपाटात ठेवूच नये. दागिन्यांसारखा बरोबर न्यावा. आणि त्याआधी आतले सगळे दुसरीकडे उतरवून घ्यावे.

फुगलेली बॅटरी चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये. सुपेल्यातल्या एका दुरुस्तीवाल्याने ती जपून वेगळी केली आणि फोनला बाहेरून वीज दिली. निरोप सगळे मिळाले. ते आता तीन ठिकाणी आहेत.