एन्ड्युरन्स घोडेस्वारी : पात्रतेचे नियम कसे घडले

एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत एका दिवसात १६० किलोमीटर अंतर कापावे लागते. तिथे उतरण्यापूर्वी स्वाराला आणि घोड्याला ठरावीक अंतराच्या स्पर्धा पूर्ण करून दाखवाव्या लागतात. त्यांत पहिला क्रमांक किती वेळा आला याला महत्त्व नाही. घोडा शेवटपर्यंत धडधाकट राहिला का, एवढेच पाहिले जाते. हा निकष सव्वाशे वर्षांत टप्प्याटप्प्याने घडला आणि त्यांतल्या बऱ्याच टप्प्यांमागे घोड्यांचे हाल आहेत.

ऑक्टोबर १८९२ मध्ये जर्मन आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्करी अधिकाऱ्यांनी बर्लिन आणि व्हिएन्ना यांच्यामधले सुमारे ५८० किलोमीटर अंतर घोड्यावरून कापण्याची चढाओढ लावली. जर्मन व्हिएन्नाकडे निघाले, ऑस्ट्रियन बर्लिनकडे. काउंट विल्हेल्म श्टारेमबेर्ग याने ७१ तास २६ मिनिटांत बर्लिन गाठून शर्यत जिंकली. कुठे थांबायचे, घोड्याला किती विसावा द्यायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे होते. परिणामी कित्येक घोडे वाटेत किंवा मुक्कामी पोहोचल्यावर मेले आणि शर्यतीवर टीकेची झोड उठली.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकी घोडदळाने १९१९ पासून चाचण्या घेतल्या, त्या मात्र शिस्तशीर होत्या. पाच दिवस, रोज सुमारे ९७ किलोमीटर आणि पाठीवर नव्वद किलोंहून अधिक भार, असे त्यांचे स्वरूप होते. लष्करासाठी कोणत्या जातीचा घोडा योग्य हे ठरवायचे असल्याने गुण देताना वेळेबरोबर घोड्याची प्रकृतीही जमेस धरली जाई.

नागरी खेळाची सुरुवात १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात झाली. वेंडेल रॉबी आणि त्याच्या सोबत्यांनी टाहो सरोवराच्या परिसरातून ऑबर्नपर्यंतची सुमारे १६० किलोमीटरची डोंगरवाट एका दिवसात पार केली. ही रपेट पुढे ‘टेव्हिस कप’ म्हणून दरवर्षी होऊ लागली. २४ तासांत पोहोचून घोडा पुढे चालण्याजोगा असल्याचे सिद्ध करणाऱ्या प्रत्येकाला चांदीचे बक्कल मिळते. १९६४ पासून पहिल्या दहांतील सर्वांत सुस्थितीतल्या घोड्यासाठी ‘हॅगिन कप’ देण्यात येऊ लागला. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी एन्ड्युरन्स संघटनेनेही रपेट पूर्ण करणे म्हणजेच जिंकणे, हे ब्रीद स्वीकारले.

आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने हा प्रकार आपल्या छत्राखाली घेतल्यावर १९८६ मध्ये रोमजवळ प्राटोनी देल विवारो येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. तोवर पशुवैद्यकीय तपासणी हा खेळाचा कणा झाला होता. मार्ग अनेक फेऱ्यांत विभागलेला असतो आणि प्रत्येक फेरीनंतर घोडा तपासणीला उभा करावा लागतो. ठरलेल्या मिनिटांत त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ६४ किंवा त्याहून कमी व्हावे लागतात. म्हणून मदतनीस धावत येऊन त्याच्या अंगावर पाणी ओततात. पशुवैद्य हिरडीवर बोट दाबून रंग किती लवकर परततो ते पाहतात, कातडी चिमटीत धरून शरीरातले पाणी कमी झाले का हे ताडतात, पोटाला स्टेथोस्कोप लावून आतड्यांचे आवाज ऐकतात. शेवटी लगाम सैल सोडून घोड्याला दुडक्या चालीने पळवले जाते. लंगडणारा घोडा तिथेच बाद होतो, मग तो सर्वांत पुढे का असेना.

पात्रतेची शिडी याच तपासणीवर उभी आहे. नवख्यांना आधी ४० ते ७९ आणि मग ८० ते १०० किलोमीटरच्या रपेटी पूर्ण कराव्या लागतात आणि त्यांत सरासरी वेग ताशी १६ किलोमीटरच्या वर जाऊन चालत नाही. म्हणजे पहिल्या पायरीवर घाई करणाऱ्याची रपेट पात्रतेसाठी धरलीच जात नाही. त्यानंतर एक, दोन आणि तीन तारे अशा श्रेणी येतात. सर्वांत वरच्या श्रेणीत अंतर १४० ते १६० किलोमीटर असते आणि घोडा किमान आठ वर्षांचा असावा लागतो. दोन स्पर्धांमध्ये घोड्याला सक्तीची विश्रांती असते. अंतर जितके जास्त, तितके तिचे दिवस वाढतात.

१९९८ ची जागतिक स्पर्धा संयुक्त अरब अमिरातीत झाली. आखातातल्या सपाट वाळवंटी मार्गांवर वेग खूप वाढला आणि त्याबरोबर पाय मोडून घोडे दगावण्याच्या घटनाही गाजू लागल्या. मार्च २०१५ मध्ये महासंघाने अमिरातीच्या राष्ट्रीय संघटनेला काही महिन्यांसाठी निलंबित केले आणि २०१६ ची जागतिक स्पर्धा दुबईऐवजी स्लोव्हाकियात, शामोरीन येथे घेण्यात आली. २०१८ मध्ये अमेरिकेतील ट्रायन येथे उष्णता आणि दमटपणामुळे जागतिक स्पर्धा अर्ध्यावर रद्द करावी लागली.

या अनुभवांनंतर नियमांची नव्याने मांडणी झाली आणि नवे नियम जुलै २०२० पासून लागू झाले. त्यांत पात्रतेच्या अटी अधिक कडक झाल्या. महासंघाकडे नोंदलेले निकाल हाच पात्रतेचा पुरावा असतो. पात्र ठरलेल्यांतून संघ निवडण्याचा अधिकार त्या त्या देशाच्या संघटनेकडे असतो आणि निवड झाल्यावरही स्पर्धेपूर्वीच्या तपासणीत घोडा उतरला नाही, तर त्याला सुरुवातीच्या रेषेवर उभे राहता येत नाही.