कलकत्त्याचा सामना आणि त्याचे भाकीत

कलकत्त्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांची गाठ पडावयाची असली, की मैदानावर तो सामना एकदाच होतो. परंतु त्याआधी चहाच्या दुकानांत, ट्रामगाड्यांत आणि वृत्तपत्रांच्या रकान्यांत तो कित्येकदा होऊन गेलेला असतो. कोण खेळणार, कोणाला बाहेर बसविणार, कोणाच्या मागे कोणाला लावणार, यावर सारे शहर कौल देत असते. फुटबॉलचा इतिहास लिहिणारे जयापजयांची नोंद घेतात, या भाकितांची सहसा घेत नाहीत. आम्हांस मात्र ती घेण्याजोगी वाटते. कारण या दोन संघांच्या वैराचा उगमच मुळी अकरा नावांच्या एका यादीत आहे.

१९२० सालच्या जुलै महिन्यात जोडाबागान क्लबचा मोहन बागानशी सामना होता. शैलेश बोस या खेळाडूस जोडाबागानने अकरांतून वगळले. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी त्याला खेळविण्याचा आग्रह धरला, तो कोणी मानला नाही. तो पूर्व बंगालचा म्हणून डावलला गेला, असे पुढे सर्वतोमुखी झाले. चौधुरी क्लबातून बाहेर पडले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी ईस्ट बंगाल क्लबाची स्थापना झाली. लीगमध्ये दोघांची पहिली गाठ २८ मे १९२५ रोजी पडली व ईस्ट बंगालने ती १-० अशी जिंकली. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे कलकत्त्यास आले, तेव्हा या स्पर्धेला घर गमावलेल्यांच्या अभिमानाचीही धार चढली. ईस्ट बंगाल जिंकला की हिलसा आणि मोहन बागान जिंकला की कोळंबी, असा तेथील रिवाज. मासळीवरून पक्ष ओळखण्याचे गोमंतकीय वाचकाला नवल वाटू नये.

प्रारंभीच्या काळात भाकीत फारसे कठीण नव्हते. दोन बचावपटू, तीन मधले आणि पाच आघाडीचे, ही रचना सर्वांचीच असे. प्रश्न असे तो माणसांचा, मांडणीचा नव्हे. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. गोलरेषा व आघाडीवीर यांच्यामध्ये पूर्वी प्रतिपक्षाचे तीन खेळाडू लागत, आता दोन पुरे झाले. त्यामुळे गोलांचा पाऊस पडू लागला, आणि लंडनच्या आर्सेनल संघाच्या हर्बर्ट चॅपमन यांनी मधला गडी मागे खेचून बचावात तिसरा माणूस उभा केला. पुढे २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्ब्ली येथे हंगेरीने इंग्लंडचा ६-३ असा पाडाव केला. त्या सामन्यात हिदेगकुटी हा पाठीवर नऊ क्रमांक लावून, आघाडीच्या टोकाला राहावयाचे सोडून मागे मागे जाई, आणि त्याच्यावर नेमलेल्या बचावपटूस त्याच्यामागे जावे की जागा राखावी हे उमगेना. तेव्हापासून यादीतील नाव आणि मैदानातील काम यांची फारकत झाली, आणि भाकीत करणाऱ्यांची खरी पंचाईत सुरू झाली.

कलकत्त्यात ही पंचाईत वाढविणारे दोन प्रशिक्षक झाले. प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजे पी. के., हे १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघातले आघाडीवीर आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमधील भारताचे कर्णधार. सामन्यापूर्वी खेळाडूंशी बोलून त्यांना पेटविण्याची त्यांची हातोटी अशी, की तिला 'व्होकल टॉनिक' असे नाव पडले. दुसरे अमल दत्त. तेही भारताकडून खेळलेले, पण प्रशिक्षणाचे शास्त्र शिकण्यासाठी इंग्लंडास जाऊन आलेले. नव्या कल्पनांचा ध्यास घेतलेले, जिभेने तिखट. दोघांनीही दोन्ही क्लबांची धुरा वेगवेगळ्या काळी वाहिली होती, म्हणजे घरचे सारे दोघांनाही ठाऊक.

१९९७ च्या फेडरेशन चषकात दत्त मोहन बागानकडे होते आणि पी. के. ईस्ट बंगालकडे. दत्तांनी त्या मोसमात 'डायमंड' पद्धतीचा डंका पिटला. मधली फळी हिऱ्याच्या आकारात मांडावयाची, चढाईत एकामागून एक माणसे लोटावयाची आणि प्रतिपक्षास श्वास घेऊ द्यावयाचा नाही, हा तिचा गाभा. उपांत्यपूर्व फेरीत तिने गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचा ६-० असा धुव्वा उडविला, आणि 'डायमंड' हा शब्द शहरात ज्याच्या त्याच्या तोंडी झाला. उपांत्य सामना ईस्ट बंगालशी ठरला.

येथे दत्तांनी एक गोष्ट केली, तिला आम्ही चूकच म्हणू. त्यांनी प्रतिपक्षाच्या खेळाडूंची जाहीर टिंगल केली. बायचुंग भुतियाला 'चुंग चुंग' म्हटले, ओमोलोचे 'ऑम्लेट' केले. ज्या शहरात १६ ऑगस्ट १९८० रोजी याच दोन संघांच्या सामन्यात ईडन गार्डन्सवर १६ प्रेक्षकांचे प्राण गेले होते, त्या शहरात जीभ जपून वापरणे हा निव्वळ शिष्टाचार नव्हे. शिवाय डावपेचाच्या दृष्टीनेही हा घाटा होता. पी. के. यांना जे टॉनिक स्वतः तयार करावे लागले असते, ते प्रतिस्पर्ध्याने आयते घरी पोहोचते केले.

१३ जुलै १९९७ रोजी सॉल्ट लेकच्या क्रीडांगणावर सुमारे १ लाख ३१ हजार प्रेक्षक जमले. भारतात फुटबॉलच्या सामन्यास एवढी गर्दी त्यापूर्वी झाली नव्हती. मोहन बागानने चढाया केल्या, ठरल्याप्रमाणे केल्या. परंतु पुढे धावलेल्या माणसांच्या पाठीमागे मोकळे रान पडले, आणि ते कोठे पडणार हे त्या वेळेपावेतो गुपित राहिले नव्हते. नाझिमुल हकने ईस्ट बंगालचे खाते उघडले. मग त्या मोकळ्या रानात सिक्कीमचा वीस वर्षांचा भुतिया धावला आणि त्याने तीन गोल केले. मोहन बागानकडून चिमा ओकोरी याचा एकच. ४-१ असा निकाल लागला.

दुसऱ्या दिवसापासून दत्तांना हसणे सोपे झाले. आम्ही त्या हसण्यात सामील होऊ इच्छीत नाही. सहा गोलांचा विजय मिळाला तेव्हा हीच रचना होती. ती कागदावर चुकली नव्हती. ती आधी कळली, एवढेच. बुद्धिबळात आपला पुढचा डाव मोठ्याने सांगून मग सोंगटी हलविणारा खेळाडू जिंकला तर चमत्कार, हरला तर नवल नाही. मात्र तो मोठ्याने बोलला नसता, तर एवढे लोक मैदानावर आले असते काय, ही शंका आमच्या मनातून जात नाही. डावपेच हा विषय प्रशिक्षकाच्या वहीतून काढून त्यांनी ट्राममधल्या माणसाच्या हाती दिला, आणि त्याची किंमत स्वतः मोजली. दत्त २०१६ साली वारले, पी. के. २०२० साली. दोघांची नावे कलकत्त्यात अजून एका दमात घेतली जातात.

भाकितांचा आणखी एक हिशेब राहतोच. या सामन्यानंतर चषक ईस्ट बंगालचाच, असे मानणारे थोडे नव्हते. पण तो उपांत्य सामना होता; अंतिम सामना अजून व्हावयाचा होता. त्यात समोर आला तो वास्कोचा साळगावकर संघ. दोन याद्यांवर रात्री जागविणाऱ्या त्या शहरास ही तिसरी यादी पाहावयास फारशी सवड मिळाली नसावी. साळगावकरने ईस्ट बंगालला हरविले आणि १९९७ चा फेडरेशन चषक गोव्यास आला.