कडेवरचे नाव

स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहावे असा मंडळाचा आग्रह आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास लिहिणे हे विद्वानांचे काम, हे मी जाणते. तरी आमच्या देव्हाऱ्यातल्या एका वस्तूचा इतिहास मला दोन वर्षांपूर्वी कळला, तो भगिनींना सांगावासा वाटतो.

आमच्या देव्हाऱ्यात टाकांच्या ओळीत चांदीची एक गोल चकती होती. तिच्यावर घोडेस्वार कोरलेला. घोड्याच्या पायाखाली कवटी. सासूबाई सांगत, हा खंडोबा आणि खाली मणिमल्लाचे मुंडके. मी सून म्हणून आले तेव्हापासून त्याला रोज हळद वाहत आले. दुसऱ्या अंगाला कुणाचा तरी मुखवटा होता, पण ते अंग नेहमी भिंतीकडे.

त्या वर्षी नवरात्राआधी टाक उजळायला सोनाराकडे नेले. सोनारांनी चकती हातात घेतली, भिंग लावले आणि म्हणाले, "वहिनी, हा टाक नव्हे. हा लढाईतला बिल्ला आहे. वरची दांडी कुणीतरी कापून टाकलीय. मी हा उजळणार नाही, कडेवर अक्षरे आहेत, ती पुसतील."

घरी येऊन मुलीला दाखवले. तिने कडेवरची इंग्रजी अक्षरे लावली. आधी एक आकडा, मग 'सिपॉय', मग माझ्या यजमानांच्या पणजोबांचे नाव आणि शेवटी '११७ मराठाज'. मी तिथल्या तिथे हात जोडले. इतकी वर्षे देव म्हणून ज्याची पूजा केली तो घरचाच माणूस निघाला.

पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे गेले आणि गोळी लागून पडले, एवढेच घरात ठाऊक होते. मागे राहिली त्यांची बायको आणि पाळण्यातला मुलगा. त्या बायकोला सारे घर 'थोरली आई' म्हणे. तिने दुसऱ्याच्या शेतात खुरपून मुलगा वाढवला. बिल्ला देव्हाऱ्यात बसवला तोही तिनेच. १९७२ च्या दुष्काळात घरातले तोडे, वाळे मोडीत गेले, पण तिने बसवलेल्या देवाला कुणी हात लावला नाही.

आता शोध घ्यायचा असे ठरवले. गावातल्या एका निवृत्त सुभेदारांनी पुष्कळ समजावून दिले. हा बिल्ला १९१४ ते १९१८ च्या युद्धाचा. मुखवटा पंचम जॉर्ज बादशहाचा. लढणाऱ्या शिपायाला तो चांदीचा मिळे, तर मजूर म्हणून नेलेल्या पुष्कळ लोकांना पितळेसारख्या दिसणाऱ्या काशाचा. ज्याचा त्याचा क्रमांक, नाव आणि पलटण कडेवर ठोकलेली असे. माणूस मेला असला तर बिल्ला घरी पाठवीत. ११७ ही मराठ्यांची जुनी पलटण. १९२२ साली मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आणल्या गेल्या, तेव्हा तिचा जुना क्रमांक गेला. आजची मराठा लाइट इन्फन्ट्री, जिचे केंद्र बेळगावला आहे, ती याच पलटणींची वारस.

युद्धात मेलेल्या सैनिकांची नोंद ठेवणारे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन हे मंडळ १९१७ साली निघाले. त्याच्या नोंदी आता घरबसल्या पाहता येतात. मुलीने नाव तीन तऱ्हांनी लिहून पाहिले, सापडेना. मग कडेवरचा क्रमांक घातला आणि नोंद समोर आली. मृत्यूची तारीख जुलै १९१६ ची होती.

सुभेदार तारीख ऐकून गप्प झाले. मग म्हणाले, "मग ते गोळीने गेले नसावेत." तेव्हा त्यांनी कुतची हकीकत सांगितली. इराकात तैग्रिस नदीच्या वळणावर कुत-अल-अमारा हे गाव आहे. १९१५ च्या डिसेंबरात तुर्की फौजेने तिथे इंग्रजांच्या सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढा घातला. आत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. वेढा जवळजवळ पाच महिने टिकला. सोडवायला आलेल्या फौजेचे सुमारे २३ हजार लोक मेले किंवा जखमी झाले, तरी वेढा उठला नाही. आत धान्य संपले. घोडे आणि खेचरे मारून खायची वेळ आली. आपल्या लोकांतले पुष्कळजण धर्म जाईल म्हणून ते मांस खाईनात. रानातला पाला उकडून खाल्ला. विमानातून पिठाची पोती टाकली, तीही पुरली नाहीत. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली.

पुढे कैद्यांना उन्हाळ्याच्या तोंडावर वाळवंटातून चालवत नेले. मोसुलकडून पुढे रास-अल-ऐन येथे पुष्कळ हिंदी कैद्यांना रेल्वेच्या कामाला जुंपले. वाटेत आणि छावणीत भुकेने, जुलाबाने हजारो मेले. आमचे पणजोबा त्याच उन्हाळ्यात गेले.

त्यांना समाधी नाही. बसऱ्याला मोठे स्मारक आहे, तिथे ४० हजारांहून अधिक मृतांची आठवण आहे. पण गोरे आणि हिंदी अधिकारी यांची नावे दगडावर कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा घातला. नावे वहीत राहिली. आपल्याकडे काही गावांत दगड आहेत, त्यांवरही गावातून इतके गेले, इतके मेले, एवढेच असते. त्या आकड्यांपैकी एक आमचे होते.

पण भगिनींनो, मला खरे सांगायचे आहे ते याच्या पुढचे. नोंदीच्या तळाशी एक ओळ होती. मुलीने वाचली: अमुक हिचा पती, गाव अमुक, जिल्हा सातारा. ते थोरल्या आईचे नाव होते!

दरवर्षी पितृपक्षात गुरुजी तीन पिढ्यांची नावे विचारतात. पणजोबांचे नाव घरात होते, कारण ते त्यांच्या मुलाच्या नावापुढे लागले. पणजीचे नाव विचारले की आम्ही एकमेकांकडे पाहत असू. माहेरचे नाव लग्नात बदलले, सासरचे कुणी घेतले नाही. ती कुणाची सून, कुणाची आई, मग साऱ्यांचीच थोरली आई झाली. आणि जिने कष्ट करून हे घर उभे केले तिचे नाव परक्या देशातल्या वहीत, नवऱ्याच्या मरणाच्या नोंदीखाली सापडले.

गेल्या पितृपक्षात गुरुजींनी विचारले तेव्हा माझ्या यजमानांनी ते नाव मोठ्याने सांगितले. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. बिल्ला अजून देव्हाऱ्यातच आहे. सासूबाई म्हणाल्या, "तिने बसवला तिथेच राहू दे." फक्त मुखवट्याच्या अंगाने नाही, घोडेस्वाराच्याच अंगाने.

आपल्या भागातून पुष्कळ लोक पलटणीत गेले. आपल्यापैकी कुणाच्या डब्यात, ट्रंकेत असा बिल्ला असेल तर चिंच लावून घासू नका, मोडीत घालू नका. आधी कडेवर काय आहे ते मुलांकडून वाचून घ्या. आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची नावे आजच विचारून वहीत लिहून ठेवा. आमच्या थोरल्या आईचे नाव वाचले ते नशिबाने. प्रत्येक घरी देव्हाऱ्यात बिल्ला असतोच असे नाही.