आईच्या वहीतील दोन खाती

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी 'तुमच्या आईंविषयी काही लिहून द्या' असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी प्रथम नकारच देणार होते. आईची कामे या मंडळातील जुन्या भगिनींना माझ्याहून अधिक ठाऊक आहेत. बालवाडी, भिशी, पापडांचा उद्योग, पावसाळ्यात वाडीवर धान्य पोचवणे, हे सर्व तुम्ही तिच्याबरोबर केले. मी मात्र त्या वेळी घरात बसून तिची वाट पाहत होते. तेव्हा सेवेची हकिगत मी काय सांगणार? पण मग वाटले, वाट पाहणाऱ्याची हकिगतही कोणी तरी सांगावयास हवी. म्हणून हे लिहिते आहे.

माझे वडील कर्जतला रेल्वेत होते. बोरघाट चढावयाचा तर गाडीला मागून जादा इंजिन जोडावे लागते, ते कर्जतला. त्यामुळे आमच्या लहानपणी सारे घर त्या इंजिनांच्या शिट्ट्यांवर चाले. आई सासरी आली तेव्हा सातवी झालेली होती. त्या काळच्या मानाने ते शिक्षण थोडे नव्हे. पुढे मंडळात ती हिशेब लिहू लागली आणि घरी सगळ्यांच्या तोंडी तक्रार सुरू झाली, 'आई कुठे आहे?' उत्तर ठरलेले, 'मंडळात.'

1973 साली मी मॅट्रिक झाले. कल्याणला जाऊन टंकलेखन शिकावे असे माझ्या मनात होते. वर्गाची फी आणि पास यांसाठी आईने वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात 85 रुपये साठवले होते. श्रावणातील एका रात्री वाडीवरचा एक माणूस पावसात भिजत दाराशी आला. त्याची बायको अडली होती. आईने पदर खोचला, डबा उघडला आणि त्या बाईला घेऊन रात्रीच्या गाडीने कल्याण गाठले. बाळंतीण वाचली, मूलही वाचले. तिसऱ्या दिवशी आई परत आली तेव्हा डबा रिकामा होता आणि माझे ते वर्ष फुकट गेले होते.

मी आईशी आठ दिवस बोलले नाही. तिनेही समजूत काढली नाही. सगळा गाव तिला धन्य म्हणत होता आणि मी कोपऱ्यात बसून मनात म्हणत होते, 'धन्य ती, पण पैसे माझे होते.' ही गोष्ट इतकी वर्षे मी कोणाजवळ बोलले नाही. सेवेविरुद्ध तक्रार करणारी मुलगी कोणाला आवडते?

आईला एका पुस्तकाचे फार प्रेम होते. आनंदीबाई कर्वे, म्हणजे महर्षी अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी बाया, यांनी लिहिलेले 'माझे पुराण'. 1944 साली ते प्रसिद्ध झाले. 'बायांचे पुस्तक वाच गं एकदा,' असे ती मला अनेकदा म्हणे आणि मी टाळीत असे. थोरामोठ्यांच्या पत्नींची चरित्रे म्हणजे पतिभक्तीची पारायणे, अशी माझी समजूत होती. आई गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, ते मी वाचले. समजूत किती खोटी होती!

बायांचे माहेर देवरुखचे, जोशांच्या घरातले. लहानपणीचे नाव गोदूबाई. आठव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि तीन महिन्यांतच त्या विधवा झाल्या. नवरा म्हणजे काय हे कळण्यापूर्वी वैधव्य कळले. पुढची कित्येक वर्षे सासरच्या घरात राबण्यात गेली. त्यांचे बंधू नरहरपंत मुंबईस शिकत असत. त्यांनी बहिणीला मुंबईस आणले. 11 मार्च 1889 रोजी पंडिता रमाबाईंनी तेथे शारदासदन उघडले आणि गोदूबाई तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी झाल्या. वय विशीच्या पुढचे आणि हाती मुळाक्षरांची पाटी!

1890 च्या अखेरीस शारदासदन पुण्यास हलले. रेल्वेने मुंबईहून पुण्यास जावयाचे तर 1863 पासून बोरघाट हाच मार्ग. म्हणजे आपल्या कर्जतवरूनच ही मंडळी गेली. आई हे मोठ्या अभिमानाने सांगे, जणू तिनेच त्यांना स्टेशनावर पाणी दिले होते.

धोंडो केशव कर्वे हे नरहरपंतांचे मित्र. त्यांची पहिली पत्नी राधाबाई 1891 साली वारली. दुसरे लग्न करावयाचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. 11 मार्च 1893 रोजी, म्हणजे शारदासदन उघडले त्याच तारखेला, चार वर्षांनी, पुण्यास हा पुनर्विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. अण्णांच्या मुरुड गावाने या लग्नासाठी बहिष्काराचा ठराव केला. स्वतःच्या घरी जाऊनही अण्णांना आपल्या माणसांच्या पंक्तीस बसता येईना.

येथपर्यंतची कथा आपण शाळेच्या पुस्तकांत वाचतो. पुढची मात्र घरात घडली, म्हणून ती पुस्तकांत फारशी येत नाही.

14 जून 1896 रोजी अण्णांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. पुढे 1900 साली तो पुण्याजवळ हिंगण्यास एका झोपडीत गेला. अण्णा फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत आणि दिवसाचे काम आटोपून चिखल तुडवीत चार मैल चालत हिंगण्यास जात. पुण्यात मागे राहत बाया आणि मुले. विधवांचे शिक्षण आणि पुनर्विवाह ही दोन कामे अण्णांनी कटाक्षाने वेगळी ठेवली होती. कारण पुनर्विवाहाचा वास आला असता तर सनातनी घरांनी आपल्या मुली आश्रमात धाडल्या नसत्या. हे व्यवहाराला धरून होते, यात शंका नाही. पण याचा अर्थ असा झाला की, ज्या स्त्रीने पुनर्विवाह करून समाजाचा रोष अंगावर घेतला, तिलाच आश्रमात मोकळेपणाने पुढे येणे अवघड झाले.

याच्या उलट बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. त्यांचे यजमान गोव्यात नोकरीस असत. विसाव्या वर्षी वैधव्य आले, पदरी एक मुलगा. त्या जुन्या वळणाच्या, केशवपन केलेल्या, म्हणून लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसे. आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत त्या गावोगाव हिंडल्या. पुढे 1912 साली त्यांनी केशवपनाची रूढी सोडली आणि 1918 साली थेट अमेरिकेस गेल्या. तेथे लोकांच्या घरी काम करून त्या इंग्रजी शिकल्या. त्यांची आत्मकथाही प्रसिद्ध आहे. एकाच घरातील दोन बहिणी. एकीला समाजाने व्यासपीठ दिले, दुसरीला चूल.

आणि त्या चुलीवरच खरा प्रसंग ओढवला. अण्णांनी आपली पुंजी आश्रमाला दिलीच होती. पुढे त्यांनी आपल्या आयुष्याच्या विम्याची 5,000 रुपयांची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करावयाचे ठरवले. बाया बिथरल्या. उद्या यांचे काही बरेवाईट झाले तर मुलांनी काय खावे? दुसऱ्या विधवांना आधार देण्यासाठी स्वतःच्या बायकोला निराधार करावयाचे, हा कुठला न्याय? भांडण झाले, अश्रू झाले. तरीही अण्णांनी आपलेच खरे केले. बाया मात्र नुसत्या रडत बसल्या नाहीत. संसाराला आपलाही हात लागावा म्हणून त्यांनी नागपूरला जाऊन सुईणीचे शिक्षण घेतले. त्यांच्या घरात स्वतःच्या मुलांबरोबर नात्यागोत्यातील मुलेही वाढली.

भगिनींनो, हे वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. 1973 सालची ती मुलगी एकटी नव्हती, हे मला पन्नास वर्षांनी कळले. आणि अधिक नवल याचे वाटले की, हे पुस्तक मला वाचावयास सांगणारी आईच होती. अण्णांच्या जागी ती स्वतः होती. तरी बायांचे गाऱ्हाणे तिला इतके जवळचे का वाटावे?

याचे उत्तर तिच्या वहीत सापडले. आईचे कपाट आवरताना पुठ्ठ्याची एक जुनी वही निघाली. पानाच्या मधोमध रेघ. डाव्या बाजूस 'घर', उजव्या बाजूस 'मंडळ'. त्या श्रावणातील तारखेस उजव्या बाजूस कल्याणचा खर्च लिहिला होता, आणि त्याच ओळीत डावीकडे चार शब्द होते: 'लेकीचे देणे 85 रुपये.' पुढे दर महिन्यास एक नोंद, 'लेकीस 5.' अशा मोजून 17 नोंदी. अठराव्या महिन्यापुढे रेघ ओढून 'फिटले' असे लिहिले होते.

माझ्या लग्नात आईने माझ्या नावाचे पोस्टाचे पासबुक माझ्या हाती दिले होते. ती आहेराची भेट आहे असे मी समजले आणि तिला नमस्कार केला. पासबुक अजून माझ्याजवळ आहे. काढून पाहिले. पहिल्या 17 नोंदी पाच-पाच रुपयांच्या होत्या. ती भेट नव्हती, परतफेड होती. तिने हे मला कधी सांगितले नाही. मी अबोला धरला तेव्हा तिने समजूत काढली नाही याचे कारणही आता समजते. समजूत काढणे सोपे होते. तिने देणे मान्य केले.

आपल्या भागात स्मरणाची परंपरा मोठी आहे. माथेरानला जन्मलेले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले. आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून मुंबईकडे जाणारी वीज तोडली, हे आपण मुलांना सांगतो आणि सांगावयासच हवे. पण जंगलात राहणाऱ्या त्या दस्त्यासाठी ज्या घरांतून भाकरी गेल्या, त्या घरांत त्या रात्री मुलांच्या पानात किती उरले, हे कोणत्या शिळेवर कोरलेले नाही. स्मारकावर जमेची बाजू लिहिली जाते. नावेची बाजू कोणाच्या तरी डब्यातून गेलेली असते.

अण्णांना 1958 साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. बाया त्यापूर्वीच, 1950 साली, गेल्या होत्या. पण त्यांनी आपली बाजू लिहून ठेवली होती. 1963 साली त्यांचे पुत्र दिनकर यांनी ती इंग्रजीत प्रसिद्ध केली. मुलाने बापाच्या कीर्तीस बाध येईल अशी भीती धरली नाही. आज हिंगण्याची संस्था दर वर्षी समाजकार्य करणाऱ्या स्त्रीस 'बाया कर्वे पुरस्कार' देते. मला वाटते, अण्णांची थोरवी त्या पुस्तकाने तिळभर कमी होत नाही. उलट ते काम किती महाग होते आणि ते कोणी कोणी मिळून फेडले, हे कळल्यावर हिंगण्याला हात जोडावेसे वाटतात.

आईचे शेवटचे काम तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 जणांचे देह मिळाले आणि 57 जण सापडलेच नाहीत. आई तेव्हा नव्वदीला टेकली होती. तिला उठवत नव्हते, तरी पलंगावर बसून ती जमलेले कपडे निवडीत होती. फाटके लुगडे दिसले की बाजूला टाकी. 'जे आपण नेसणार नाही ते द्यायचं नाही,' एवढेच म्हणे. त्या दिवशी तिने स्वतःच्या ट्रंकेतील दोन चांगली लुगडी मागितली. ती काढून देताना माझा हात क्षणभर अडखळला, कारण त्यांतले एक मला हवे होते. तिने ते पाहिले. 'हे तुझं ठेव,' म्हणाली, 'दुसरं दे.'

मंडळापुढे माझी एकच विनंती आहे. यंदाच्या अहवालात कामांची यादी येईल, देणग्यांचे आकडे येतील. त्याखाली एक ओळ त्या घरांसाठी असू द्या, ज्यांनी आपली आई, सून, बायको दुपारभर मंडळाला दिली आणि गार जेवण मुकाट्याने खाल्ले. आणि ज्या भगिनी आज धावपळ करीत आहेत त्यांनी घरी एक वही ठेवावी, मधोमध रेघ ओढलेली. सगळे देणे फेडता येत नाही. पण लिहून ठेवता येते.

माझ्यापुरते सांगते. आईच्या वहीत 'फिटले' या शब्दाखाली मी परवा एक ओळ लिहिली. तिचे अक्षर वळणदार, माझे थरथरते. उजव्या बाजूस, मंडळाच्या खात्यात, लिहिले, 'लेकीकडून 85 रुपये, आईच्या नावे.' ते पैसे मी खजिनदारबाईंकडे दिले आहेत. वाडीवरच्या एखाद्या मुलीच्या फीला उपयोगी पडावेत.