ध्वनिमुद्रिकांचा संग्रह आणि इतिहाससाधन : रत्नागिरीशी निगडित दोन आवाजांच्या संदर्भात

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात १९०१ आणि १९०२ या दोन वर्षांच्या दरम्यान एक अदृश्य रेषा ओढली गेली आहे. भाऊराव कोल्हटकर फेब्रुवारी १९०१ मध्ये निवर्तले. ग्रामोफोन कंपनीचा मुद्रणतज्ज्ञ फ्रेड गैसबर्ग आपली यंत्रसामग्री घेऊन १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यास पोहोचला. या अल्पशा अंतरामुळे भाऊरावांचे गायन केवळ समकालीनांच्या आठवणींत उरले, तर त्यांच्या नंतर रंगभूमीवर आलेल्या बालगंधर्वांचे गायन आजही प्रत्यक्ष ऐकता येते. एकाविषयी इतिहासकारास वर्णनावर विसंबावे लागते, दुसऱ्याविषयी त्याच्या हाती पुरावा आहे. असे असूनही या पुराव्याची परीक्षा कशी करावी याचा विचार आपल्या विद्यापीठांतून फारसा झाला नाही. तो झाला तो प्रामुख्याने विद्यापीठांबाहेर, जुन्या तबकड्या जमविण्याच्या छंदाने झपाटलेल्या संग्राहकांच्या घरांत.

हा छंद वरवर पाहता पोरकट वाटतो. एकच गाणे दोन तबकड्यांवर असले तरी संग्राहकास दोन्ही हव्या असतात. एकीच्या मध्यभागी असलेल्या कागदी चकतीचा रंग निराळा असतो, किंवा शेवटच्या खाचेनंतरच्या मोकळ्या पट्टीत कोरलेला आकडा निराळा असतो, एवढेच कारण त्यास पुरते. तथापि त्या आकड्यातच सारे मर्म आहे. चकतीवरील क्रमांक हा विक्रीचा क्रमांक होय. पट्टीत कोरलेला क्रमांक हा मुद्रणाचा. एकच मुद्रण पुढे अनेक विक्री-क्रमांकांखाली बाजारात येई, आणि उलट एकाच गीताचे दुसऱ्यांदा केलेले मुद्रण पहिल्याच्या जागी येई. पोथीच्या अभ्यासकास जे महत्त्व पुष्पिकेचे, तेच महत्त्व तबकडीच्या अभ्यासकास या कोरीव आकड्याचे. त्यावरून मुद्रणाची मालिका, स्थळ आणि पुष्कळदा काळही ठरविता येतो.

आरंभीच्या भारतीय मुद्रिका जर्मनीतील हॅनोवर येथील कारखान्यात दाबून तयार होत. १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला, तेव्हा हा प्रवास थांबला. त्या आधीच्या कित्येक मुद्रिकांच्या अखेरीस गायक किंवा गायिका स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारते. ज्यांना भाषा कळत नाही अशा कारागिरांस तबकडीवरील आवाज ओळखता यावा, हा त्यातील हेतू सांगितला जातो. गौहरजानची इंग्रजीतील अशी घोषणा सुप्रसिद्धच आहे. दुसरी कसोटी यंत्राची. १९२५ पर्यंत मुद्रण कर्ण्याद्वारे होई. गायकाने कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून उच्च स्वरात गावे, त्या आवाजाने पडदा थरथरावा आणि त्याला जोडलेल्या सुईने मेणावर खाच पाडावी, एवढाच तो व्यवहार. विजेचे साहाय्य नव्हते, ध्वनिक्षेपक नव्हता. म्हणून दूरचा आवाज, सभागृहाचा घुमारा, श्रोत्यांची कुजबूज या गोष्टी त्या मुद्रणात सहसा उतरत नाहीत. १९२५ नंतर विद्युत्पद्धती आली आणि आवाजाचे चित्रच पालटले. तिसरी कसोटी गतीची. अठ्ठ्याहत्तर फेऱ्या हे मान पुढे स्थिरावले. पूर्वीच्या तबकड्या त्याहून कमी किंवा अधिक गतीने मुद्रित झालेल्या आढळतात. मिनिटास ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजविली तर गायकाची पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते. अमुक गायक अमुक पट्टीत गात असे अशी जी विधाने तबकड्या ऐकून केली जातात, त्यांतील किती विधाने या एकाच कारणाने तपासून पाहावी लागतील!

ही सारी विद्या पुस्तकांतून आली नाही. मुंबईचा चोरबाजार, मोडकळीस आलेल्या वाड्यांचे माळे आणि भंगारवाल्यांची दुकाने ही तिची पाठशाळा. मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था निघाली; डॉ. सुरेश चांदवणकर यांनी तिच्या चिटणीसपदाची धुरा दीर्घकाळ वाहिली. व्यवसायाने ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील पदार्थवैज्ञानिक, ही गोष्ट सूचक आहे. संस्थेच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून कलावंतवार व कंपनीवार सूची प्रसिद्ध होत गेल्या. ऑस्ट्रेलियन सूचिकार मायकेल किनिअर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय मुद्रणांची सूची सिद्ध केली व ती १९९४ साली मुंबईतून प्रसिद्ध झाली. या सूचींवाचून आज कोणीही या विषयास हात घालू नये.

असाच प्रकार अगदी निराळ्या संगीताच्या बाबतीत अमेरिकेत घडला. तेथे १९८० च्या सुमारास ‘हार्डकोअर पंक’ या नावाने एक अतिवेगवान, कर्कश आणि बंडखोर गायनप्रकार शहरोशहरीच्या तरुणांत पसरला. मोठ्या कंपन्यांनी त्याकडे ढुंकून पाहिले नाही. तेव्हा या मुलांनी स्वतःच तबकड्या काढल्या. वॉशिंग्टन येथील ‘डिस्कॉर्ड’ या मंडळीची पहिली तबकडी ‘टीन आयडल्स’ या वृंदाची. तीत आठ गाणी, आकार सात इंचांचा (गैसबर्गच्या १९०२ मधील लहान तबकड्याही सातच इंचांच्या होत्या), प्रती एक हजार. वेष्टने हातांनी कापून, दुमडून, चिकटविलेली. तबकडी बाहेर आली तेव्हा तो वृंद मोडलाही होता. आज त्या प्रकाराचे संग्राहक पहिली आवृत्ती कोणती, दुसरी कोणती, मोकळ्या पट्टीत काय खरडले आहे, याच्या तपशीलवार याद्या करतात. गायनाची रुची कोणास असो वा नसो, पद्धती तीच आहे. व्यापाऱ्याच्या हिशेबवहीत ज्याला स्थान नव्हते, त्याचा इतिहास वस्तूवरूनच उभा करावा लागतो.

आपल्याकडे या हस्तोद्योगी तबकड्यांचे जवळचे उदाहरण म्हणजे ‘यंग इंडिया’ ही मुद्रा. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३५ ते १९५५ या काळात या मुद्रेखाली हजारो तबकड्या काढल्या. बड्या कंपनीच्या दारात ज्यांस प्रवेश नव्हता अशा हौशी मंडळींचे आवाज त्यांत मिळतात. बालगंधर्वांच्या तबकड्या घरोघर जपल्या गेल्या. या हौशी तबकड्या फुटल्या, हरवल्या, भंगारात गेल्या. संग्राहकाची आवडनिवड हीच येथे इतिहासाची चाळणी ठरते, आणि ती चाळणी नाट्यपदाला मोठ्या भोकाची तर कीर्तनाला व लोकगीताला बारीक भोकाची आहे, हे अभ्यासकाने विसरू नये.

या पद्धतीची खरी कसोटी रत्नागिरीशी संबंधित एका प्रकरणात लागली. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. तेथील टिळक आळीतील त्यांचे जन्मस्थान आज स्मारक म्हणून राखलेले आहे. छायाचित्रे आहेत, पत्रे आहेत, ‘केसरी’चे अंक आहेत, ज्या वाणीने महाराष्ट्र हलला ती वाणी मात्र नाही. २०१२ साली टिळकांचा म्हणून एक ध्वनी लोकांपुढे आला. तो १९१५ च्या पुण्यातील गणेशोत्सवात मुद्रित झाला असे सांगण्यात आले, आणि वृत्तपत्रांतून त्याचे साहजिकच मोठे स्वागत झाले. टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी वारले. तेव्हा २०१२ मध्ये त्यांचा आवाज ओळखीचा म्हणून सांगू शकेल असा साक्षीदार उरलेला नव्हता. म्हणजे केवळ कानाच्या साक्षीवर निर्णय होणे शक्यच नाही. निर्णय व्हावयाचा तो वस्तूच्या साक्षीवर. मूळ वस्तू मेणाची नळी आहे, तबकडी आहे, की आणखी काही? तीवर मुद्रा आहे काय, क्रमांक आहे काय? १९१५ साली कर्ण्याच्या मुद्रणात उत्सवाच्या गर्दीतील वक्त्याचा आवाज कितपत उतरू शकतो? ऐकू येणारा घुमारा कर्ण्याचा आहे की ध्वनिक्षेपकाचा? हे प्रश्न टिळकांविषयीच्या आदरास बाध आणणारे नव्हेत. वेदकालाचा निर्णय ज्योतिषाच्या गणितावर करू पाहणाऱ्या विद्वानाच्या बाबतीत तरी पुराव्याचा आग्रह अनुचित मानता येणार नाही. या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत त्या ध्वनीचा उल्लेख ‘टिळकांचा म्हणून सांगितला जाणारा’ असाच करणे इतिहासदृष्ट्या योग्य होय. तुलनेसाठी महात्मा गांधींची १९३१ मधील लंडनची मुद्रिका घ्यावी. कंपनी कोलंबिया, वर्ष निश्चित, विषय ईश्वरविषयक निवेदन. तेथे वादास जागाच नाही.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. वि. दा. सावरकर १९२४ ते १९३७ पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध होते व जिल्ह्याबाहेर जाण्यास त्यांना मनाई होती. या काळात लिहिलेले त्यांचे ‘संन्यस्त खड्ग’ हे नाटक १९३१ साली बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. पदांच्या चाली वझेबुवांच्या (हे रामकृष्णबुवाही सावंतवाडीकडचे, म्हणजे कोकणचेच), आणि गायक मास्टर दीनानाथ. दीनानाथांच्या आवाजात यातील पदे मुद्रित झाली, तेव्हा लेखकाला ओलांडता न येणारी सीमा त्याच्या शब्दांनी तबकडीवरून ओलांडली. येथे गायक, नाटक, कंपनी यांविषयी संशय नाही. तरीही ही मुद्रिका म्हणजे त्या प्रयोगातील गायन नव्हे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. रंगभूमीवर ‘वन्समोअर’च्या गजरात रंगत जाणारे पद या तीन मिनिटांत आटोपावे लागे. दीनानाथ १९४२ मध्ये वारले. त्यांच्या चपळ, उसळत्या तानेविषयी पुढील पिढ्यांची जी समजूत आहे ती बव्हंशी या आटोपशीर मुद्रणांवर उभी आहे. विस्तारात ते काय करीत असत, हे तबकडी सांगत नाही. ते नटांच्या आत्मचरित्रांत आणि समकालीन परीक्षणांत शोधावे लागते. शिवाय त्या काळच्या चकत्यांवर गायकाचे व नाटकाचे नाव असे, पदकर्त्याचे पुष्कळदा नसे. त्यामुळे केवळ चकतीवरून सूची करणाऱ्यास कवी कोण हे कळणार नाही, त्यास नाटकाची छापील प्रत जवळ ठेवावी लागेल.

कोकणात या तबकड्या टिकविणे विशेष अवघड. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुनी तबकडी ही लाखेपासून केलेल्या शेलॅकची व खनिज चूर्णाची. दमट हवेत कागदी पाकिटाला आणि तबकडीला बुरशी धरते, आणि ती खाचांत शिरली की आवाजावर खरखर कायमची बसते. नंतरच्या काळातील व्हिनाइलच्या तबकडीला ही भीती कमी, पण ती उन्हात वाकते. शेलॅकची तबकडी स्पिरिटने पुसण्याचा मोह अनेकांस होतो. मद्यार्कात लाख विरघळते, हे लाकडाला पॉलिश करणाऱ्या कारागिराला ठाऊक असते, तबकडीच्या मालकाला बहुधा नसते. आपल्या विभागाने जिल्ह्यातील घरोघरच्या तबकड्यांची नोंद हाती घेतल्यास चकतीवरील मजकूर, मुद्रा, दोन्ही बाजूंचे मुद्रणक्रमांक आणि तबकडी त्या घरी कशी आली याची माहिती, या चार गोष्टी प्रथम टिपाव्यात. गाणे ऐकण्याचे काम त्यानंतरचे. नोंद करताना १९८१ पूर्वीचा रत्नागिरी जिल्हा हाच घटक धरावा. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्यात होता, आणि तबकड्या त्या काळच्या आहेत.