खाणावळीपासून पोळीभाजी केंद्रापर्यंत

खाणावळीत ठरलेल्या माणसांना ठरलेल्या वेळी महिन्याच्या बोलीवर जेवण मिळते. हॉटेलात काय खायचे ते गिऱ्हाईक ठरवते. खाणावळीत ते चालवणारा किंवा चालवणारी ठरवते. आज भाजी कोणती, पोळ्या किती, भात किती जणांचा हा रोजचा हिशेब जेवणाऱ्याच्या डोक्यावरून उतरतो आणि त्याचे तो पैसे देतो. मुंबई-पुण्यात ही सोय गेली दीडशे वर्षे निरनिराळ्या रूपांत चालत आली आहे. आरंभी ती चूल नसलेल्या एकट्या पुरुषांसाठी होती. पुढे घरात चूल, गॅस, कुकर सारे असूनही संध्याकाळी स्वयंपाकाला वेळ नसलेल्या कुटुंबांनी तिचा आधार घेतला.

पैशाने जेवण विकत घेण्याची रीत रुळण्याआधी घराबाहेर राहणाऱ्याच्या जेवणाचा प्रश्न धर्माच्या आणि जातीच्या चौकटीत सुटत असे. तीर्थक्षेत्री अन्नछत्रे होती. पुण्यासारख्या विद्येच्या ठिकाणी शिकायला आलेले गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. वार लावणे म्हणजे आठवड्याच्या सात वारांना सात घरे ठरवून घेणे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असा फेरा चाले. एखादे घर सुटले तर नवे मिळेपर्यंत त्या वारी उपास घडे. यजमानाला पुण्य मिळे. विद्यार्थ्याला मात्र अन्नाबरोबर मिंधेपणही पत्करावे लागे आणि पुष्कळदा घरची वरकामेही करावी लागत. ज्या जातींना या घरांची दारे बंद होती, त्यांच्या मुलांना हा मार्गच नव्हता. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली, त्यामागे ही अडचणही होती.

मुंबईत प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो कापडगिरण्यांमुळे. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या गिरणीत १८५६ पासून उत्पादन सुरू झाले आणि पुढच्या काही दशकांत भायखळा, लालबाग, परळ, वरळी, शिवडी हा पट्टा गिरणगाव झाला. रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूर या भागांतून आलेला कामगार बहुधा एकटा येई. पगार तुटपुंजा, जागा अपुरी आणि गावाकडची शेती सांभाळायची म्हणून बायकामुले गावीच राहत. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ५२५ च्या आसपासच होत्या. चाळीच्या एका खोलीत एकाच गावचे पंधरा-वीस जण राहत. दिवसपाळीचे लोक कामावर गेले की रातपाळीचे येऊन पथारी पसरत. अशा खोलीत प्रत्येकाची वेगळी चूल पेटणे शक्य नव्हते.

ही गरज भागवली ती त्याच चाळींतल्या बायकांनी. नवरा गिरणीत, पगार पुरत नाही किंवा नवऱ्यामागे संसार एकटीवर पडलेला, अशी बाई आपल्याच खोलीत दहा, पंधरा, कधी तीस माणसांचे जेवण करू लागली. तिला खाणावळवाली म्हणत. पहिल्या पाळीच्या माणसाला पहाटे डबा द्यायचा, तर दुसऱ्या पाळीचा माणूस मध्यरात्री जेवायला येणार. म्हणून तिची चूल जवळजवळ दिवसभर पेटलेली राही. कोकणातल्या माणसाला भात आणि मासळीचे कालवण लागे, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत आमटी. त्यामुळे खाणावळीही सहसा गावावरून आणि जातीवरून ठरत. रोजचे जेवण साधे असे. सुट्टीच्या दिवशी मटण किंवा मासळी होई.

या धंद्याची मेख पैशाच्या वेळेत होती. जेवणाराचे पैसे पगार झाल्यावर मिळत, पण तांदूळ, ज्वारी, तेल, रॉकेल आधी आणावे लागे. म्हणून खाणावळवाली वाण्याकडून उधारीवर माल घेई. उधारीचा माल महाग पडे, आणि वाण्याने हात आखडला की सावकाराच्या दारी जावे लागे. गिऱ्हाईक पैसे बुडवून गावी निघून गेले तर तो खड्डा तिलाच भरावा लागे. घरातली भांडी आणि अंगावरचे किडुकमिडुक गहाण पडणे नित्याचे होते. हिशेब केला तर तिच्या दिवसभराच्या मेहनतीतून उरे ते एवढेच, की घरची माणसे त्याच जेवणात जेवत.

गिरगाव, दादर आणि पुण्याच्या पेठांतील खाणावळींचे गिऱ्हाईक निराळे होते. तेथे कारकून, शिक्षक, कॉलेजचे विद्यार्थी जेवत. अनेक पाट्यांवर मालकाची जात लिहिलेली असे, कारण कोणाच्या हातचे खावे याविषयीचे निर्बंध शहरात आले तरी सुटले नव्हते. दादरला मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० मध्ये निघाले. पुण्यात बादशाही बोर्डिंग हाऊस १९३० च्या दशकातले, तर पूना गेस्ट हाऊस १९३५ चे. याच काळात स्वयंपाक हा छापून शिकवण्याचाही विषय झाला होता. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. सासू-आजीचा हात जवळ नसलेल्या, शहरात वेगळा संसार थाटलेल्या स्त्रीला अशा पुस्तकाची गरज होती.

पांढरपेशा खाणावळीने व्यवहाराचे जे नियम घालून दिले ते पुढे मेसमध्ये जसेच्या तसे आले. महिन्याचे पैसे आगाऊ. जेवण एकवेळचे की दोन्ही वेळचे ते आधी सांगायचे. गावाला जायचे असेल तर आदल्या दिवशी कळवायचे, म्हणजे तेवढा खाडा धरून पैसे वजा होतील. न कळवता चुकवलेल्या जेवणाचे पैसे कापले जात नाहीत. रविवारी दुपारी गोडधोडाची फीस्ट आणि संध्याकाळी सुट्टी. पाहुणा आणला तर त्याचे वेगळे कूपन. हे नियम वरवर किरकोळ दिसतात. धंद्याचा नफा मात्र त्यांवरच उभा असतो. उद्या किती ताटे वाढायची हे आज ठाऊक असेल तरच अन्न वाया जात नाही आणि जेवण स्वस्तात देता येते. निश्चित आकड्याच्या बदल्यात जेवणारा आपली निवड सोडून देतो, असा हा सौदा आहे.

मुंबईच्या डबेवाल्यांनी या प्रश्नाचे वेगळे उत्तर काढले. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुमारे शंभर माणसे घेऊन हे काम सुरू केले असे मानले जाते. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतल्या माणसांनी ते पुढे वाढवले. स्वयंपाक घरचाच, विकत घ्यायची ती फक्त त्याची ने-आण. डब्यावरच्या रंगांच्या आणि अक्षरांच्या खुणा वाचून सुमारे ५,००० माणसे रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवत. ही व्यवस्था दुपारच्या जेवणाची होती आणि घरी सकाळी स्वयंपाक करणारी बाई आहे हे ती गृहीत धरत होती. संध्याकाळचा प्रश्न तिच्या कक्षेत येत नव्हता.

तो पुढे आला स्वातंत्र्यानंतर, मध्यमवर्गीय स्त्रिया मोठ्या संख्येने बँका, विमा कंपन्या, टेलिफोन खाते, शाळा आणि सरकारी कचेऱ्यांत नोकरीला लागल्या तेव्हा. डोंबिवली, ठाणे, बोरिवली अशा उपनगरांत घर आणि फोर्टात कचेरी असे ठरून गेले. परत येईपर्यंत दिवेलागण उलटून जाई. गॅस आणि प्रेशर कुकर यांनी बराच भार हलका केला. एका कुकरमध्ये भात, वरणाची डाळ आणि बटाटे एकदम होऊ लागले. स्टेशनाबाहेर निवडलेली, चिरलेली भाजी मिळू लागली, आणि ती मिळाली नाही तर लोकलच्या बायकांच्या डब्यात शेंगा सोलल्या जाऊ लागल्या. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये आले. चिमूटभर, मूठभर अशा अंदाजाऐवजी वाटी-चमच्याची मापे देणारे हे पुस्तक नवख्या गृहिणीच्या घरी हमखास दिसू लागले. १९७३ पासून निघणाऱ्या ‘कालनिर्णय’ने पाककृती भिंतीवर आणल्या, तारखेच्या पानामागे त्या छापलेल्या असत. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या सभासदांनी महिन्याच्या वाणसामानाची यादी आधी भरून देऊन एकत्र खरेदीची पद्धत बसवली. घराच्या किराण्यालाही मग आगाऊ आकड्याची शिस्त लागली.

त्याच १९७५ साली गिरणगावातल्या खाणावळवाल्यांची संघटना झाली. कामगार चळवळीत घडलेल्या प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि १९७२ पासून गरिबांना ४ टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजना होती. पण गहाण ठेवायला काही नसलेल्या, बहुधा निरक्षर बाईला बँकेची पायरी चढणे अवघड होते. मंडळाने बायकांचे गट केले आणि गटाने एकमेकींची हमी घेतली. कर्ज हाती आल्यावर माल रोखीने घेता येऊ लागला आणि सावकाराचा फास सैल झाला. तोवर कोणत्याही सरकारी नोंदीत नसलेला हा धंदा, धंदा म्हणून प्रथमच कागदावर आला.

गिरणगावच्या खाणावळीचे दिवस मात्र भरत आले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पगार थांबल्यावर खाणावळवाल्यांनी काही काळ उधारीवर जेवण घातले. पण महिने उलटत गेले, कामगार गावाकडे परतले आणि ती उधारी बहुतांशी बुडाली. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. अन्नपूर्णा मंडळाला समारंभ आणि कचेऱ्यांना जेवण पुरवण्याकडे वळावे लागले.

खाणावळ मागे पडत असताना दादर, गिरगाव, पार्ले, ठाणे, डोंबिवली आणि पुण्याच्या वस्त्यांत पोळीभाजी केंद्रे वाढत गेली. केंद्राला बसायला जागा लागत नाही. रस्त्याकडेच्या गाळ्यात पुढे टेबल, मागे शेगड्या आणि पोळपाट एवढ्यावर ते चालते. पोळ्या नगावर, भाजी-आमटी वजनावर किंवा डब्याच्या मापाने विकली जाते. फळ्यावर दिवसाचे पदार्थ लिहिलेले असतात आणि आठवड्याचा क्रम साधारण ठरलेला असतो: एक-दोन दिवस कडधान्याची उसळ, मधे पालेभाजी, मग बटाटा किंवा वांगे; चतुर्थी-एकादशीला साबुदाण्याची खिचडी. श्रावणात आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी कांदा-लसणाशिवायचे जेवण ठेवावे लागते. संध्याकाळी सहा ते नऊ हा विक्रीचा मुख्य काळ. नेहमीचे गिऱ्हाईक दुपारीच फोन करून पोळ्यांचा आकडा सांगते.

या दुकानांत सर्वांत जास्त खप पोळीचा असतो, आणि त्याला कारण आहे. कुकर लावून दुसरे काम करता येते, भाजी फोडणीला टाकून बाजूला होता येते; पोळ्या करताना मात्र पहिल्या घडीपासून शेवटच्या पोळीपर्यंत तव्यापुढे उभे राहावे लागते. हात बसायला वर्षे लागतात आणि केलेली पोळी दुसऱ्या दिवशी तशी राहत नाही. म्हणून कुटुंबांनी आधी पोळी बाहेर काढली. वरण-भात घरी, भाजी जमली तर घरी, पोळ्या केंद्रातून, असे संध्याकाळचे ताट तयार झाले. ज्यांना परवडले त्यांनी पोळ्यांना बाई लावली. हिशेब तिथेही माणशी किंवा पोळीच्या संख्येवर होतो. खाणावळीने एकट्या माणसाचे सबंध जेवण उचलले होते. केंद्राने कुटुंबाच्या स्वयंपाकातला सर्वांत चिवट भाग तेवढा उचलला आणि चूल घरातच ठेवली. बाहेरचे खाणे म्हणजे चैन, अशी समजूत असलेल्या घरांत त्याला विरोध झाला नाही तो त्यामुळेच.

मोठ्या प्रमाणावर गरिबांसाठी जेवणाची सोय करण्याचे प्रयत्नही याच काळातले. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. १९९५ मध्ये आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली आणि २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. यांतील सरकारी योजना अनुदानावर अवलंबून असल्याने सरकारच्या धोरणाबरोबर वर-खाली होत राहिल्या. हमाल पंचायतीचा उपक्रम कष्टकऱ्यांच्या संघटनेच्या बळावर टिकला.

२०१५ नंतर मोबाइलवरून जेवण मागवणे शहरांत सर्रास झाले. तेथे निवड पुन्हा गिऱ्हाईकाकडे गेली, पण त्याबरोबर किंमतही वाढली, कारण किती मागणी येईल हे आधी ठाऊक नसते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत कचेऱ्या आणि कॉलेजे बंद झाल्याने डबेवाले आणि मेस दोन्ही ठप्प झाले. त्याच दिवसांत अनेक सोसायट्यांमध्ये एखादी गृहिणी शेजारच्या घरांना जेवण पुरवू लागली. सकाळी व्हॉट्सॲपवर दिवसाचे पदार्थ कळवायचे, दुपारपर्यंत आकडे घ्यायचे आणि संध्याकाळी डबे भरायचे, अशी ही पद्धत आहे. आकडा आधी घेणे, पदार्थ आपण ठरवणे आणि खाड्याचा हिशेब ठेवणे हे खाणावळीचे तीन नियम तिच्यात टिकून आहेत. गिरणगावातल्या बाईपेक्षा या गृहिणीची स्थिती एका बाबतीत वेगळी आहे: पैसे बहुधा त्याच दिवशी हाती येतात, त्यामुळे माल उधारीवर घ्यावा लागत नाही.